कृपा आणि तक्रार : दोन चित्रपटांच्या निमित्ताने

आमच्या शहराला समुद्र नाही. छत्रपती संभाजीनगरहून मुंबईचा किनारा सुमारे सव्वातीनशे किलोमीटर दूर आहे. जवळचे मोठे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, आणि त्याला भरती-ओहोटी ठाऊक नाही. अशा गावातील आमच्या धर्मग्रामाच्या युवक मंडळाने उन्हाळ्याच्या सुट्टीत, समुद्राच्या लाटांवर स्वार होणाऱ्या एका मुलीचा चित्रपट सभागृहात दाखवायचे ठरवले, तेव्हा आम्ही मनातून थोडे साशंक होतो. चित्रपट होता दिग्दर्शक शॉन मॅकनमारा यांचा 'सोल सर्फर', २०११ सालचा, इंग्रजी. भाषा परकी, खेळ परका, बेट परके. आमच्या माणसांना त्यात काय लागणार, असे आम्हांला वाटत होते.

आमची शंका निराधार ठरली. चित्रपट संपताच मुलांनी टाळ्या वाजवल्या, दोन-तीन मातांनी पदराने डोळे टिपले. आम्ही समाधानाने दिवे मालवायला निघालो, तोच खुर्च्या आवरणाऱ्या मुलांतून एक तरुण पुढे आला. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत तो प्रेस मशीनवर काम करीत असे. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. तो म्हणाला, "फादर, तिची फळी घरी तिची वाट बघत होती. माझं मशीन दुसऱ्याच दिवशी दुसऱ्याला दिलं. मग मी या सिनेमातून काय घ्यायचं?"

त्या रात्री आम्ही त्याला काहीतरी उत्तर दिले. देव एक दार बंद करतो तेव्हा दुसरे उघडतो, अशा अर्थाचे ते होते. त्याने मान हलवली आणि तो खुर्च्या रचायला परत गेला. ते उत्तर त्याला पटले नव्हते, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही नव्हते. चित्रपटाचे परीक्षण सहसा अभिनय, छायाचित्रण, कथानक या क्रमाने करतात. येथे आम्ही त्या तरुणाचा प्रश्न हाती धरून परीक्षण करणार आहोत. एखाद्या खेळाडूची जीवनकथा आपल्याला सांगितली जाते, तेव्हा जो जिंकणार नाही त्याच्यासाठी तिच्यात काही आहे काय?

प्रथम मूळ जीवनाची ओळख करून घेऊ. बेथनी हॅमिल्टन हिचा जन्म ८ फेब्रुवारी १९९० चा, हवाई बेटांपैकी काउआई येथला. आई-वडील दोघेही सर्फिंग करणारे. ३१ ऑक्टोबर २००३ च्या सकाळी, तेरा वर्षांची असताना, ती मैत्रीण अलाना ब्लँचर्ड आणि तिच्या कुटुंबीयांबरोबर समुद्रात होती. सुमारे चौदा फूट लांबीच्या टायगर शार्कने तिचा डावा हात खांद्याच्या खालून तोडला. अलानाच्या वडिलांनी फळीला बांधायची दोरी आवळून रक्तस्राव थोपवला. इस्पितळात पोहोचेपर्यंत तिच्या शरीरातील जवळजवळ साठ टक्के रक्त गेले होते. त्या सकाळी त्याच इस्पितळात तिच्या वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया व्हायची होती. ती शस्त्रक्रियेची खोली वडिलांऐवजी मुलीला मिळाली. २६ नोव्हेंबरला, म्हणजे महिनाही पुरा झाला नसताना, ती पुन्हा पाण्यात उतरली. जानेवारी २००४ मध्ये स्पर्धेत आली. २००५ मध्ये अमेरिकेच्या शालेय-हौशी गटातील राष्ट्रीय विजेतेपद तिने मिळवले आणि २००७ पासून ती व्यावसायिक सर्फर झाली.

या खेळात हाताचे मोल काय, हे आपल्या वाचकांना सांगायला हवे. सर्फर फळीवर पालथा पडून दोन्ही हातांनी पाणी मागे सारतो आणि उभारत्या लाटेच्या वेगाशी आपला वेग जुळवतो. लाट फळीला उचलते त्या क्षणी दोन्ही तळहात फळीवर टेकून त्याला झटक्यात उभे राहावे लागते. किनाऱ्याकडून आत जाताना फुटत्या लाटा अंगावर येतात. तेव्हा फळीचे टोक दोन्ही हातांनी दाबून लाटेच्या खालून निघायचे असते. एका हाताने फळी कलंडते. बेथनीच्या वडिलांनी तिच्या फळीच्या मध्यभागी एक मूठ बसवून दिली. ती धरून ती लाटेखालून जाऊ लागली. उरलेली कसर तिने पायांनी भरून काढली. या एका मुठीची हकीकत आम्हांला साऱ्या चित्रपटातील सर्वांत बोधप्रद गोष्ट वाटते. तिचा उलगडा पुढे करू.

हा खेळ आपल्या देशाला अगदीच अनोळखी आहे, असेही नाही. मुंबईत वाढलेली इशिता मालविया ही मणिपालला पत्रकारितेच्या शिक्षणासाठी गेली आणि २००७ मध्ये कर्नाटकाच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकली. भारतातील पहिली महिला सर्फर म्हणून आज तिचा उल्लेख होतो. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली पार पडले, सर्फिंगला प्रथमच स्थान मिळाले. तरीही आपल्याकडच्या घरांत 'समुद्रात जाऊ नकोस' हाच उपदेश चालतो, आणि मच्छीमारांच्या घरांत तर तो अनुभवातून आलेला असतो.

आता चित्रपटाकडे वळू. 'सोल सर्फर'चे आधारभूत पुस्तक २००४ साली, म्हणजे अपघातानंतर वर्षभराच्या आतच निघाले. ॲनासोफिया रॉब हिने बेथनीची भूमिका केली आहे. डेनिस क्वेड आणि हेलन हंट आई-वडिलांच्या भूमिकांत आहेत. चित्रीकरणात रॉबच्या डाव्या हातावर हिरवे आवरण चढवून नंतर तो हात संगणकाने पुसला. लाटांवरची अवघड दृश्ये मात्र स्वतः बेथनीने केली. त्यामुळे पाण्यातील दृश्यांत एक वेगळीच प्रामाणिकता आली आहे: पडद्यावर जी लाटेवर उभी आहे तिला खरोखरच एक हात आहे. कॅमेरा पाण्याच्या पातळीवर येतो तेव्हा चित्रपट बोलायचे थांबतो आणि उत्तम होतो. घरातील काही प्रसंगही खरे उतरले आहेत. स्वयंपाकघरातले साधे काम एका हाताने करताना होणारी चिडचिड, कृत्रिम हात शरीराचे वजन पेलू शकत नाही हे कळताच उसळलेला राग, या जागी रॉबचा अभिनय गोडवा सोडून देतो आणि म्हणूनच मनाला भिडतो.

परंतु चित्रपटाला राग फार वेळ सहन होत नाही. रागामागोमाग तो सांत्वन आणतो. इस्पितळात मुलगी विचारते, मला पुन्हा सर्फिंग करता येईल का? वडील संत पौलाच्या फिलिप्पैकरांस पाठवलेल्या पत्रातील त्या प्रसिद्ध वचनाचा आधार देतात, ज्यात ख्रिस्ताच्या बळाने सर्व काही शक्य असल्याचे पौल सांगतो. बेथनी आपल्या कॅथलिक परंपरेतली नव्हे. तिचे कुटुंब प्रॉटेस्टंट आहे. तथापि हे वचन आपणही भिंतीवर लावतो, परीक्षेच्या दिवशी मुलांच्या खिशात घालतो. म्हणून येथे थोडे थांबणे इष्ट आहे. पौलाने ते पत्र बंदिवासातून लिहिले. त्या वचनाच्या आधीच्याच ओळींत तो सांगतो की, भरपूर असतानाही आणि उपाशी असतानाही समाधानाने कसे राहावे हे मी शिकलो आहे. म्हणजे त्याच्या 'सर्व काही'मध्ये उपासही येतो, तुरुंगही येतो. चित्रपट मात्र पुढची सारी कथा त्या 'सर्व काही'चा अर्थ 'मी पुन्हा सर्फ करीन' एवढाच ठरवूनच रचतो. वडिलांच्या तोंडी ते वचन स्वाभाविक आहे. घाबरलेल्या लेकराला बाप दुसरे काय सांगणार? दोष चित्रपटाचा आहे, कारण तो त्या वचनाला पुढे विजयाचे हमीपत्र करून टाकतो.

घटनांचा क्रमही त्याने याच हेतूने बदलला आहे. चित्रपटात बेथनी पहिल्या स्पर्धेत हरते, सर्फिंग सोडते, मग त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या थायलंडमध्ये सेवेसाठी जाते आणि तेथून नवी दृष्टी घेऊन स्पर्धेकडे परतते. प्रत्यक्षात त्सुनामी २६ डिसेंबर २००४ रोजी आली. तोवर बेथनीला स्पर्धांत परतून जवळजवळ वर्ष होत आले होते. समुद्राने ज्यांचे सर्वस्व नेले त्यांचे दुःख येथे नायिकेच्या मनातील एक वळण म्हणून वापरले गेले आहे. आपल्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील वेलंकण्णीला त्याच दिवशी शेकडो भाविक वाहून गेले, हे आपण विसरलेलो नाही. कुणाचे मरण दुसऱ्याच्या यशाची पायरी म्हणून कथेत बसवताना हात थरथरला पाहिजे. गंमत अशी की, थायलंडचाच एक प्रसंग चित्रपटातील सर्वांत सुंदर प्रसंगांपैकी आहे. समुद्राला भ्यालेल्या एका लहान मुलाला ती फळीवर बसवून हळूहळू पाण्यात नेते. तेथे कुणीही जिंकत नाही.

शेवटाविषयी मात्र चित्रपटाला दाद दिली पाहिजे. सर्फिंगच्या फेरीला वेळेची मर्यादा असते. प्रत्येक लाटेला दहापैकी गुण मिळतात आणि सर्वोत्तम दोन लाटांचे गुण मोजले जातात. अंतिम फेरीत बेथनी सर्वांत मोठी लाट घेते, पण तोवर भोंगा वाजून गेलेला असतो. ती लाट मोजली जात नाही. प्रतिस्पर्धी मुलगी जिंकते आणि स्वतः होऊन बेथनीला विजयमंचावर बोलावते. न मोजली गेलेली लाट! येथे चित्रपट क्षणभर आमच्या त्या तरुणाच्या अगदी जवळ येतो. पण लगेच संगीत वाढते, वार्ताहर प्रश्न विचारतात, आणि नायिका सांगते की घडले ते आपण बदलणार नाही, कारण दोन हातांनी जितक्यांना मिठी मारता आली नसती तितक्यांना आता मारता येते. बेथनीला तसे म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. प्रेक्षागृहातील इतरांकडून मात्र तशी अपेक्षा करण्याचा हक्क कुणालाही नाही.

याच चित्रपटात, स्पर्धेत इतरांच्या पाच मिनिटे आधी पाण्यात उतरण्याची सवलत तिला देऊ करतात आणि ती नाकारते. सभागृहात या प्रसंगाला टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. नंतर मनात आले की, ज्याला घर आहे, फळी आहे, किनारा आहे, मूठ बसवून देणारा बाप आहे, त्याला सवलत नाकारणे परवडते. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी चार टक्के जागा राखल्या, ती दया नव्हे. आणि ती फळीवरची मूठ तरी काय होती? तीही एक सवलतच होती. फक्त ती प्रेमाने आणि न मागता मिळाली, म्हणून तिला कुणी सवलत म्हटले नाही.

हा विचार डोक्यात असताना युवक मंडळाने पावसाळ्यात दुसरा चित्रपट लावला: कबीर खान दिग्दर्शित 'चंदू चॅम्पियन', २०२४ चा, हिंदी. हा आपल्या मातीतील नायकाचा. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे, जन्म १९४४ चा. लहानपणी कुस्ती, पुढे सैन्यात भरती, तेथे मुष्टियुद्ध. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. एक गोळी तर कण्याजवळ तशीच राहिली. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून ते पोहू लागले. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह त्यांनी सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिक किंवा पॅरालिंपिक, दोन्हींत मिळून भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले सुवर्ण.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या स्पर्धांचा पायाच सवलतीवर, किंवा अधिक योग्य शब्दांत न्यायावर उभा आहे. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून इंग्लंडला आलेल्या डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ साली स्टोक मँडव्हिल रुग्णालयात पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी खेळ सुरू केले. खेळाडूंचे शरीर किती साथ देते ते पाहून गट पाडायचे, म्हणजे समानांची समानांशी स्पर्धा होईल, हे त्यांचे सूत्र. १९६० मध्ये रोमला अशा स्पर्धा झाल्या, तेव्हा पोप जॉन तेविसावे यांनी चाकाच्या खुर्चीवरील त्या खेळाडूंना भेट देऊन गुटमन यांचा गौरव केला. आपल्या पोपमहोदयांनी त्या दिवशी कुणाकडेही विजयाची साक्ष मागितली नव्हती.

चित्रपट म्हणून 'चंदू चॅम्पियन' 'सोल सर्फर'इतका नेटका नाही. तो लांबतो. विनोद कुठे कुठे ओढून आणलेला आहे. सैन्यातील मुष्टियुद्धाला भरपूर जागा मिळते आणि इस्पितळातील संथ, न संपणाऱ्या दिवसांना त्या मानाने कमी. कार्तिक आर्यन याने शरीर कमावले आहे आणि भूमिकेवर मेहनतही केली आहे, पण निराशेच्या प्रसंगांत तो चेहऱ्याने फार बोलतो. प्रशिक्षकाच्या भूमिकेत विजय राज आणि इस्पितळातल्या मदतनिसाच्या भूमिकेत राजपाल यादव मात्र चित्रपटाला जमिनीवर ठेवतात. सुवर्णपदकानंतरची पंचेचाळीस वर्षे, म्हणजे नोकरी, संसार, विस्मरण, ही खरी कथा. ती दिग्दर्शकाने जवळजवळ गाळली आहे. देवाशी या माणसाचे काही बोलणे होते काय, हे तर आपल्याला कळतच नाही.

आणि तरीही या चित्रपटाजवळ एक गोष्ट आहे, जी 'सोल सर्फर'जवळ नाही. तो सुरू होतो पोलीस ठाण्यात. म्हातारे मुरलीकांत माजी राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवायला आलेले आहेत, कारण त्यांना अर्जुन पुरस्कार दिला गेला नाही. ठाण्यातील लोक हसतात. म्हातारा हटत नाही. चित्रपट त्या तक्रारीला चौकट करून सारी जीवनकथा तिच्यात बसवतो. आमचा तो तरुण त्या दृश्याला मोठ्याने हसला. त्याचा हसण्याचा आवाज आम्ही त्या अपघातानंतर प्रथमच ऐकला.

लूकच्या शुभवर्तमानातील ती विधवा आपल्याला आठवत असेल. अन्यायी न्यायाधीशाच्या दारी ती पुन्हा पुन्हा जाते आणि एकच मागणी करते. प्रभू येशूने तिला प्रार्थनेचा आदर्श म्हणून आपल्यापुढे ठेवले. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. त्याला सुखान्त नाही. तरी ख्रिस्तसभेने ते आपल्या प्रार्थनाग्रंथातून काढलेले नाही. आपल्या श्रद्धेत तक्रारीला मानाचे स्थान आहे. आपल्या प्रवचनांत मात्र ते पुष्कळदा नसते, आणि त्या रात्रीच्या आमच्या उत्तरात तर नव्हतेच.

म्हणून दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून आमचे मत असे झाले आहे. 'सोल सर्फर'ला कृपा ठाऊक आहे. माणूस एकट्याच्या बळावर उभा राहत नाही, मैत्रिणीच्या बापाने आवळलेली दोरी, स्वतःच्या बापाने बसवलेली मूठ, यांतून तो उभा राहतो, हे त्याने नीट दाखवले आहे. पण त्याला तक्रारीची भीती वाटते. म्हणून त्याची कृपा कधी कधी स्वस्त वाटते. 'चंदू चॅम्पियन'ला तक्रार ठाऊक आहे. गौरव नाकारला जाणे हा अन्याय आहे आणि तो नोंदवला पाहिजे, हे तो निर्भयपणे सांगतो. पण त्याचा नायक अखेर पदकामुळेच ऐकून घेण्यालायक ठरतो. पदक नसते तर त्या ठाण्यात त्याची कथा कुणी ऐकली असती? दोन्हींतील उणीव एकच आहे. जो मोजला गेला नाही त्याला दोघेही दारापर्यंत आणतात आणि आत बोलवत नाहीत.

चित्रपटांहून ही दोन्ही आयुष्ये मोठी आहेत, हे सांगून लेख आवरता घेतो. बेथनी पुढे चार मुलांची आई झाली. पहिल्या बाळंतपणानंतर, २०१६ मध्ये, फिजी येथील जागतिक दर्जाच्या स्पर्धेत खास निमंत्रित म्हणून उतरून तिने टायलर राइट आणि स्टेफनी गिलमोर यांसारख्या अव्वल सर्फरना हरवले व तिसरे स्थान मिळवले. पेटकर यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, हायडेलबर्गनंतर बावन्न वर्षांनी, अर्जुन पुरस्कारही त्यांच्या हाती आला. चित्रपटातील तक्रार अखेर दाखल झाली म्हणायची. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, ज्यांच्या १९५२ च्या कांस्यपदकाने चित्रपटातील छोट्या मुरलीला स्वप्न दिले, त्यांना मात्र अर्जुन पुरस्कार मृत्यूनंतरच मिळाला.

दुसऱ्या चित्रपटानंतरच्या रविवारी, मिस्सा झाल्यावर, तो तरुण धर्मग्रामाच्या कचेरीत आला. नुकसानभरपाईचा त्याचा अर्ज दोनदा परत आला होता. "फादर, जरा वाचून बघता का?" एवढेच तो म्हणाला. आम्ही बसलो. तारखा जुळवल्या, दोन वाक्ये दुरुस्त केली, डॉक्टरांच्या दाखल्याची प्रत जोडली. या वेळी आम्ही त्याला कोणतेही वचन ऐकवले नाही. शेवटी त्याने डाव्या हाताने सही केली. अक्षर वाकडे होते, पण वाचता येत होते; सही करायचा सराव तो घरी करीत होता, हे आम्हांला तेव्हा कळले. त्याला त्याची लाट सापडली, असे आम्ही म्हणणार नाही. अर्ज सोमवारी तिसऱ्यांदा गेला.